क्लब बंद झाला. इतिहास कोणाकडे गेला?

महाराष्ट्राला फुटबॉलचा इतिहास नाही, तो २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर आला, असे विधान आजकाल निःशंकपणे केले जाते. समालोचक ते करतात, समाजमाध्यमांवरील जाणकार त्याची री ओढतात आणि नवा चाहता ते खरे मानून चालतो. विधान साफ खोटे आहे. तरीही ते खपते. का खपते याचा शोध घेतला, तर दोष चाहत्याच्या अज्ञानाकडे जात नाही. तो क्लब चालवणाऱ्यांकडे आणि क्लबची नोंद ठेवणे ज्यांचे काम होते त्यांच्याकडे जातो.

सेलूचे उदाहरण घ्यावे. परभणीचे नव्हे, वर्धा जिल्ह्यातले, नागपूर रस्त्यावर केळझर आणि पवनार यांच्या मधले. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अँटवर्पच्या क्लबचे स्थापनावर्ष क्षणात सापडते : १८८०. नागपूर ओलांडले की कामठी लागते. त्या छावणीच्या गावातल्या रब्बानी क्लबने विदर्भाच्या फुटबॉलला किती खेळाडू दिले, त्याने कोणत्या वर्षी कोणती स्पर्धा जिंकली, याची विश्वसनीय यादी त्याच पडद्यावर शोधू जाता हाती फारसे लागत नाही. सात समुद्रांपलीकडचा क्लब जवळचा आणि शंभर किलोमीटरांच्या आतला क्लब परका, हा उलटा हिशेब आपोआप झालेला नाही.

बेल्जियम हा क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जेमतेम दशांश देश. तिथल्या फुटबॉल महासंघाने १९२६ साली एक साधे, कारकुनी वाटणारे काम केले. प्रत्येक क्लबला नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार एक क्रमांक दिला. त्याला ‘मॅट्रिक्यूल’ म्हणतात. अँटवर्पला १, ब्रसेल्सच्या डेअरिंगला २, क्लब ब्रुगला ३, अँडरलेख्टला ३५. क्लबने नाव बदलावे, जर्सीचा रंग बदलावा, मालक बदलावा. क्रमांक तोच राहतो आणि विजयांची नोंद त्या क्रमांकाच्या नावे राहते. गावच्या सातबाऱ्याशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला याचे मर्म सांगावे लागू नये. ज्याची नोंद आहे त्याचा हक्क सांगता येतो.

या क्रमांकाचे मोल काय, हे मेखेलेन या शहराने दाखवले. अँटवर्प आणि ब्रसेल्स यांच्या दरम्यान असलेल्या या शहरातला केव्ही मेखेलेन हा क्लब १९०४ सालचा, क्रमांक २५. १९४० च्या दशकात त्याने तीनदा देशाचे विजेतेपद मिळवले, मग तो मागे पडला. १९८० च्या दशकात जॉन कॉर्डिएर हा दूरसंचार व्यवसायातला उद्योगपती अध्यक्ष झाला, पैसा आला, उत्तम खेळाडू आले. ११ मे १९८८ रोजी स्ट्रासबर्गमध्ये पीट डेन बूरच्या गोलवर मेखेलेनने बलाढ्य आयाक्सला १-० ने हरवून युरोपीय कप विनर्स कप जिंकला. गोलरक्षक होता मिशेल प्रुडोम. पुढच्याच वर्षी देशाचे विजेतेपदही आले. नंतर उद्योगपतीचे अर्थकारण बिघडले, त्याने हात आखडता घेतला, खेळाडू विकले गेले, आणि २००२-०३ च्या हंगामात क्लब परिसमापनात निघाला.

इथवरची कथा मुंबई-पुण्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल. पुढची वाटणार नाही. मेखेलेनच्या समर्थकांनी क्लब वाचवण्यासाठी पैसे उभे केले, आणि त्यांचा सारा आटापिटा नवा क्लब काढण्यासाठी नव्हता, पंचवीस हा आकडा जिवंत ठेवण्यासाठी होता. नवा क्लब काढणे स्वस्त पडले असते. पण नव्या क्लबने स्ट्रासबर्ग जिंकलेले नसते. तिसऱ्या श्रेणीतून त्यांनी पुन्हा आरंभ केला आणि २०१९ साली त्याच क्रमांकाने बेल्जियमचा राष्ट्रीय चषक जिंकला. (क्रमांक म्हणजे सदाचाराची हमी नव्हे, हेही सांगून टाकावे. त्याच वर्षी सामना-निश्चितीच्या प्रकरणात क्लबला युरोपीय स्पर्धेतून बाहेर राहावे लागले.)

बेल्जियमची आरती ओवाळण्याचे कारण नाही. सात वेळा देशाचा विजेता ठरलेला बेअरस्खोट १९९९ साली विलीनीकरणात गेला आणि १३ हा त्याचा क्रमांक पुसला गेला. डेअरिंगचा २ देखील विलीनीकरणाच्या पोटात गेला. पैसा तिथेही इतिहास गिळतो. फरक इतकाच की तिथे गिळलेल्या वस्तूची नोंद असते. कोणता क्रमांक कोणत्या वर्षी पुसला हे सांगता येते आणि त्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या भांडता येते. महाराष्ट्रात पुसण्यासाठी क्रमांकच नाही.

आता मुंबईकडे वळावे. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. पहिली पंचेचाळीस वर्षे तो गोऱ्या पलटणींच्या हाती राहिला; १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या भारतीय संघाने तो प्रथम जिंकला. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो मुंबईतून उचलून नेला. या शहराने मेलबर्न ऑलिंपिकला नेव्हिल डिसूझा दिला. मूळ गोव्याचा, मुंबईत टाटांच्या क्लबकडून खेळलेला हा आघाडीवीर. १९५६ साली यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले, भारत ४-२ ने जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये गोलांची हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ज्या प्रांताला फुटबॉलचा इतिहास नाही असे सांगितले जाते, त्याची ही एक तारीख.

रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. शतकाहून जुनी स्पर्धा गेली आणि शहरात कोणी हळहळ व्यक्त करण्यापलीकडे गेले नाही.

मग महिंद्रा. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून उभा राहिलेला आणि पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ झालेला हा क्लब २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक जिंकला, २००५-०६ साली डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीगचा विजेता झाला, २००७ साली एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, २००८ साली ड्युरँड चषक घेऊन आला. २०१० साली कंपनीने जाहीर केले की हंगाम संपला की संघ बंद. यापुढे लक्ष शालेय फुटबॉलवर. अठ्ठेचाळीस वर्षांचा क्लब एका पत्रकाने मिटला. त्यात बेकायदा काही नव्हते, आणि हाच आक्षेपाचा मुद्दा आहे. मेखेलेनचा उद्योगपती गेला तेव्हा मागे क्रमांक उरला होता, म्हणून समर्थकांना धरण्यासाठी काहीतरी होते. महिंद्राच्या चाहत्यांनी काय धरावे? संघ कंपनीचा, नाव कंपनीचे, बोधचिन्ह कंपनीचे. ते वर्गणी काढायला निघाले असते, तरी विकत घेण्याजोगी वस्तूच शिल्लक नव्हती.

पुण्याची कथा याहून करुण, आणि थोडी हास्यास्पदही. पुणे एफसी २००७ साली निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला (प्रशिक्षक पुन्हा डेरिक परेराच), २०१५ साली बंद झाला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ साली थांबला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ टिकला. त्याची जागा हैदराबादला गेली आणि पुढे २०२५ साली हैदराबादची जागा दिल्लीला गेली. बारा वर्षांत चार क्लब, उरलेले शून्य. पुण्यात २००७ साली जन्मलेल्या आणि शहराच्या क्लबवर प्रेम करू पाहणाऱ्या मुलाला बारावे वर्ष संपण्याच्या आत चार वेळा शोक करावा लागला. पाचव्या वेळी त्याने मँचेस्टर किंवा माद्रिदचा क्लब निवडला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

मुंबई एफसीही याच वाटेने गेला. २००७ साली स्थापना, २०१७ साली लीगमधून घसरण आणि अंत. गोव्यात २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोसाठी नव्या रचनेत वरच्या पायरीवर जागा नव्हती, कारण तिथे प्रवेश खेळून मिळत नव्हता, शुल्क भरून मिळत होता. इतिहासाचे मूल्य त्या शुल्कात कोठे धरलेच नव्हते.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो : पैसा मालकाचा, तोटा मालकाचा, मग निर्णयही मालकाचा. तोट्यापुरते ते मान्य करावे. कोणालाही कायम तोटा सोसायला भाग पाडता येत नाही. पण क्लब म्हणजे केवळ ताळेबंद असता, तर कूपरेजच्या पायऱ्यांवर कोणी बसलेच नसते. ताळेबंद पाहायला कोणी तिकीट काढत नाही. चषकावरचे नाव, सामन्यांचे निकाल, खेळाडूंच्या नोंदी ही संपत्ती प्रेक्षक, खेळाडू आणि शहर यांनी मिळून घडवलेली असते. मालकाला खर्च थांबवण्याचा अधिकार असावा. क्लब पुसण्याचा नसावा.

दुसरा युक्तिवाद अधिक उद्धट आहे : इथे प्रेक्षकच नाही. तो करणाऱ्याने एकदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब : ही नावे कोणा जाहिरात कंपनीने सुचवलेली नाहीत. यांतल्या तालमी मूळच्या कुस्तीच्या. पेठेच्या लाल मातीतून त्या फुटबॉलच्या मैदानावर आल्या. त्यांचा मालक शोधू गेल्यास पेठ सापडते. पेठेला परिसमापनात काढता येत नाही, म्हणून तालमीचा संघ हरला तरी बंद पडत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच हवेतला.

कोल्हापूरलाही पदक देऊन मोकळे होता येणार नाही. पेठापेठांतली ईर्ष्या अनेकदा हाणामारीवर येते आणि सामने थांबवावे लागतात. त्याहून मोठी उणीव अशी की या क्लबचा बराचसा इतिहास जुन्या खेळाडूंच्या स्मरणात आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या कात्रणांत आहे. स्मरण टिकते तोवर ठीक. ते माणसाबरोबर जाते.

विदर्भाला संस्था टिकवता येत नाहीत, असेही कोणी म्हणू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली काढले. त्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. मंडळ आजही उभे आहे. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन २००१ साली सुरू केलेले काम २०२२ साली ‘झुंड’ चित्रपटामुळे देशाला कळले. एकवीस वर्षे ते मैदानावर होते. दिसायला मात्र अमिताभ बच्चन लागले.

एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ साली मुंबई सिटी क्लबची ६५ टक्के मालकी घेतली आणि २०२० च्या मे महिन्यात बेल्जियममधल्या लोमेल या क्लबचे बहुसंख्य भाग घेतले. लोमेलचा जुना क्लब १९३२ सालचा. २००१ साली राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला आणि २००३ साली दिवाळखोरीत बुडालेला. शेजारच्या ओव्हरपेल्टच्या कारखान्यातल्या क्लबशी जुळवून घेत, त्या क्लबच्या क्रमांकावर लोमेलचा फुटबॉल पुन्हा उभा राहिला. म्हणजे खरेदीदाराने लोमेलमध्ये पाऊल ठेवले तेव्हा त्याच्या हाती आधी कोण होते, केव्हा बुडाले, कोणाच्या आधाराने तरले, याची वंशावळ होती. त्याच खरेदीदाराने मुंबईत घेतलेल्या क्लबच्या वंशावळीत २०१४ च्या आधीचे पानच नाही. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया हे त्याचे पूर्वज आहेत की नाहीत, हा प्रश्न विचारण्याची सोयही कोणी ठेवलेली नाही.

वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ पासून आहे. बेल्जियमने १९२६ साली केले ते करायला तिला कोट्यवधींचा निधी लागत नाही. एक नोंदवही लागते : प्रत्येक जिल्ह्यातला प्रत्येक क्लब, हयात असो वा मृत, त्याचे स्थापनावर्ष, नावांतले बदल, जिंकलेल्या स्पर्धा, बंद पडल्यास तारीख, आणि या सगळ्यापुढे एक क्रमांक. कंपनीने संघ बंद केला तर क्रमांक संघटनेकडे परत यावा आणि ठरावीक मुदतीत समर्थकांना तो मागता यावा. संघटना हे करीत नाही तोवर इतिहासाची आवड सांगणाऱ्या तरुणांनी सुरुवात करायला हरकत नाही. जुनी स्पर्धापत्रके, ड्रॉचे कागद, संघाची छायाचित्रे, मागे लिहिलेल्या नावांसकट. ही सामग्री अजून ट्रंकांमध्ये आहे आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते.

पहिला क्रमांक कोणाला द्यायचा यावरून मुंबई, कोल्हापूर आणि कामठी यांच्यात भांडण लागेल. लागू द्यावे. त्या भांडणासाठी प्रत्येकाला आपापले कागद बाहेर काढावे लागतील.