नाण्याला प्रमाणपत्र कशाला हवं?



चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना शिवराई आणि होन यांचा उल्लेख आला, की दुसऱ्या दिवशी दोन-चार मुलं घरातली जुनी नाणी घेऊन येतातच. कुणाकडे भोकाचा पैसा असतो, कुणाकडे पणजीने जपून ठेवलेला राणीछाप रुपया. आणि मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, हे विकलं तर किती मिळतील?"

खरं तर या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे नाणं अस्सल आहे का? आणि असेल तर ते कितपत चांगल्या स्थितीत आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठीच जगभरातले नाणेसंग्राहक पैसे मोजून आपली नाणी तज्ज्ञांकडून तपासून घेतात. त्याला ग्रेडिंग म्हणतात. हा श्रीमंतांचा नाद आहे, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. माझ्या मते ग्रेडिंगचं खरं मोल त्या आकड्यात नाही, तर ज्याला नाणं विकायचंही नाही आणि घ्यायचंही नाही अशा तिसऱ्या माणसाच्या नजरेत आहे. मात्र प्रत्येक जुन्या नाण्याला प्रमाणपत्राची गरज असते, असंही नाही. दोन्ही बाजू पाहूया.

नाणं एक, मतं दोन

समजा, एक नाणं विकायचं आहे. विकणारा म्हणतो, "अगदी नवंकोरं आहे, वापरलेलंच नाही." घेणारा म्हणतो, "अहो, चेहरा घासलेला दिसतोय की!" दोघंही कदाचित मनापासून बोलत असतील. पण एकाला भाव वाढवायचा आहे आणि दुसऱ्याला कमी करायचा आहे. डोळा तोच, पण स्वार्थ आला की दिसतं ते बदलतं.

सोन्याच्या बाबतीत आपण हे कधीच ओळखलं आहे. सराफ कितीही ओळखीचा असला, तरी दागिन्यावरचं हॉलमार्क आपण बघतोच. हॉलमार्क सराफ स्वतः देत नाही, दागिना तपासणी केंद्रात जाऊन येतो. शाळेतही तसंच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेला मुलांची तयारी आपण करून घेतो, पण पेपर परीक्षा परिषद तपासते. आपल्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर सगळ्यांना एकच माप लागावं म्हणून.

एक ते सत्तर : ही मोजपट्टी आली कुठून?

विल्यम शेल्डन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आणि सेंट या तांब्याच्या जुन्या नाण्यांचे मोठे जाणकार. १९४९ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं, पार झिजलेलं नाणं. ७० म्हणजे निर्दोष नाणं. त्यांचा मूळ हिशेब सोपा होता : ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तर पट. किमतीचा हा हिशेब पुढे टिकला नाही, पण मोजपट्टी टिकली. आज तीच सगळीकडे वापरतात. ६० ते ७० हे आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत.

याच शेल्डन यांची दुसरी गोष्टही सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट नाणी त्यांनी उचलली होती आणि त्या जागी आपल्याकडची हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती. हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. पुढे न्यायालयात जाऊन संस्थेने अनेक नाणी परत मिळवली. ज्याने मोजपट्टी दिली, तोच माणूस अशी अदलाबदल करू शकला! जाणकार असणं आणि निःपक्ष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळतं.

मोजपट्टी होती, पण बराच काळ ती विक्रेत्यांच्याच हातात होती. विकताना ६५ म्हणायचं आणि तेच नाणं परत घ्यायची वेळ आली की ६३ म्हणायचं, असे वाद वाढले. म्हणून १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी अमेरिकेत काम सुरू केलं. या कंपन्या नाणं पाहतात, दर्जा ठरवतात आणि नाणं ज्याचं त्याला परत पाठवतात.

तपासणी कशी होते?

नाणं कुणाचं आहे हे तपासणाऱ्याला कळू देत नाहीत. एकाहून अधिक तज्ज्ञ ते स्वतंत्रपणे पाहतात आणि मग अंतिम दर्जा ठरतो. चांगला प्रकाश, भिंग आणि हजारो नाणी पाहून तयार झालेली नजर ही त्यांची मुख्य साधनं. ते मुख्यतः या गोष्टी पाहतात :

१. झीज : नाण्यावरचे उंच भाग आधी झिजतात. राजाचा गाल, कानावरचे केस, मुकुटाची कड.

२. ठसा : टाकसाळीत छाप पूर्ण उमटला होता का? ठसा मुळातच कच्चा असेल तर ती झीज नव्हे.

३. चकाकी : टाकसाळीतून निघालेल्या नाण्याला एक मूळची झळाळी असते. घासून आणलेली चमक वेगळी दिसते.

४. ओरखडे आणि डाग : नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा, विशेषतः मोकळ्या जागेवरच्या.

५. एकंदर रूप : पाहताक्षणी नाणं कसं वाटतं?

दर्जा ठरला की नाणं पारदर्शक, टणक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. तिला स्लॅब म्हणतात. डबीवर नाण्याचं नाव, वर्ष, दर्जा आणि प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून कुणीही खात्री करू शकतो.

इथे मुलांना आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट आहे. आपल्याकडे जुनं नाणं सापडलं, की आधी चिंच किंवा लिंबू लावून ते लख्ख करायची घाई होते. देवाची भांडी घासतो तसं! पण तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षांत चढलेला तो गडद थर हा त्या नाण्याच्या वयाचा भाग असतो. घासलं की थर जातो आणि त्याबरोबर नाण्याचा मूळ पृष्ठभागही जातो. अशा नाण्याला या कंपन्या सहसा पूर्ण दर्जा देत नाहीत. नाणं खरं, पण साफ केलेलं, असा शेरा मारतात. त्यामुळे किंमत बरीच उतरते, आणि ती परत आणायचा उपाय नाही.

यातून संग्राहकाला काय मिळतं?

पहिली गोष्ट म्हणजे अस्सलपणाची खात्री. एक उदाहरण पाहा. १९०९ मध्ये अमेरिकेत लिंकन यांचं चित्र असलेला सेंट निघाला. चित्रकाराची व्हीडीबी ही आद्याक्षरं असलेली नाणी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत सुमारे २ कोटी ८० लाख पडली, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत फक्त ४ लाख ८४ हजार. दोन्हींत फरक काय? सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर तारखेखाली बारीक 'एस' अक्षर आहे, बस्स. मग लबाडांनी काय केलं? साध्या नाण्यावर 'एस' चिकटवला. नाणं खरं, अक्षर खोटं! साध्या डोळ्यांना हे कळणं कठीण. आपल्याकडे १९३९ चा चांदीचा रुपया असाच दुर्मीळ आहे. १९४० पासून रुपयातली चांदी अकरा-बारांश भागावरून निम्म्यावर आली, आणि जुन्या प्रमाणातला १९३९ चा रुपया फार थोडा सापडतो. १९३८ मधल्या ८ चा ९ करायचा मोह एखाद्याला का होईल, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, अनोळखी माणसांत व्यवहार शक्य होतो. पुण्यातला विक्रेता आणि लंडनमधला ग्राहक समोरासमोर न भेटताही एकाच आकड्यावर बोलू शकतात. वरच्या दर्जात एका गुणाच्या फरकाने किंमत कितीतरी पटीने बदलू शकते, म्हणून तो आकडा तिऱ्हाइताने दिलेला असावा लागतो.

तिसरी गोष्ट, जपणूक. सीलबंद डबीत नाण्याला बोटांचा घाम लागत नाही.

चौथी गोष्ट, वारसांची सोय. संग्रह करणारा माणूस गेला की घरच्यांना त्या डब्यात काय आहे हे कळत नाही. भंगाराच्या किंवा चांदीच्या वजनाच्या भावात चांगली नाणी जातात. मला ही बाजू सर्वांत महत्त्वाची वाटते. संग्राहकाकडे निदान स्वतःचं ज्ञान असतं, त्याच्या मागे राहिलेल्या बाईमाणसांकडे आणि मुलांकडे तेही नसतं.

पण आकडा म्हणजे सगळं नव्हे

आता दुसरी बाजू. तपासणारी माणसंच असतात, त्यामुळे मतभेद होतात. आज ६४ मिळालेलं नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं की ६५ मिळतं, असंही घडतं. २००७ मध्ये अमेरिकेत सीएसी नावाची आणखी एक सेवा सुरू झाली. ती काय करते? आधीच दर्जा मिळालेली नाणी पुन्हा पाहते आणि पसंत पडली तर डबीवर हिरवा स्टिकर लावते. म्हणजे प्रमाणपत्रालाही प्रमाणपत्र! शिवाय नकली डब्याही बाजारात आल्या आहेत.

दुसरी मर्यादा आपल्या नाण्यांची. ही मोजपट्टी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी सोयीची आहे. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' ही अक्षरं कित्येकदा पूर्ण उमटतच नाहीत. ती अक्षरं झिजलेली नसतात, मुळात तिथे नसतात. अशा नाण्याला सेंटच्या मापाने मोजणं म्हणजे बोलीभाषेत सुंदर गोष्ट सांगणाऱ्या मुलाचे शुद्धलेखनाचे गुण कापण्यासारखं आहे. आपण प्रगतिपत्रकावर अ-१, ब-२ लिहितो, पण सोबत वर्णनात्मक नोंदी करतो त्या यासाठीच. श्रेणी खोटी नसते, पण त्या श्रेणीत मूल मावत नाही. नाणंही मावत नाही.

आपल्या पालकांसाठी दोन सावधगिरीच्या गोष्टी

एक, कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवणं बेकायदा आहे. म्हणजे शिवराई किंवा राणीछाप रुपया अमेरिकेला तपासायला पाठवण्याचा विचारही करू नये. शेतात नांगरताना जुन्या नाण्यांचं गाडगं सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

दोन, फसवणूक. "ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो मिळवा" असे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. आधी नोंदणी फी भरा, मग कमिशन भरा, असं करत लुबाडलं जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. गंमत पाहा, या मेसेजमध्ये नाण्याच्या दर्जाबद्दल एक शब्द नसतो. जो नाणं खरं की खोटं, कोरं की झिजलेलं हे न विचारता लाखाचा भाव सांगतो, त्याला नाणं नकोच असतं. त्याला आपली फी हवी असते. ग्रेडिंग काय असतं हे ज्या पालकाला ठाऊक आहे, तो अशा मेसेजला फसणार नाही.

मग प्रमाणपत्र घ्यावं की नाही?

माझं मत असं : नाणं महागडं असेल, अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा असेल किंवा नकलांचा धोका असेल, तर तिसऱ्या नजरेशिवाय पुढे जाऊ नये. पण तपासणीचा खर्च नाण्याच्या किमतीहून जास्त होत असेल, तर ते पैसे एखाद्या चांगल्या पुस्तकावर घालावेत. भोकाच्या पैशाला प्रमाणपत्र नको, एक कागदी पाकीट आणि चार ओळींची माहिती पुरे.

आणि वर्गात? मुलांना खिशातली आजची नाणी काढायला लावा. वर्षाखालची खूण शोधू द्या : हिऱ्याच्या आकाराची असेल तर मुंबई टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. मग एकाच वर्षाची पाच नाणी झिजेप्रमाणे क्रमाने लावायला सांगा. दोन गट करा आणि एका गटाने लावलेला क्रम दुसऱ्याला दाखवू नका. दोन्ही क्रम जुळतात का पाहा. निःपक्ष तपासणी म्हणजे काय, हे समजावून सांगायला वेगळा पाठ लागणार नाही. शक्य असेल तर सहल नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात किंवा मुंबईच्या फोर्ट भागातल्या रिझर्व्ह बँकेच्या मुद्रा संग्रहालयात न्या.

"किती मिळतील?" हा मुलांचा प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याआधी "हे खरं आहे का, आणि हे कोण सांगतंय?" हा प्रश्न विचारायची सवय त्यांना लागली पाहिजे. नाण्यापुरतीच नव्हे, बातमी, जाहिरात आणि मोबाईलवरचा मेसेज यांच्यासाठीही.

लेख कसा वाटला आणि तुमच्या वर्गात हा उपक्रम कसा झाला, ते नक्की कळवा.