पॅच मार्चमध्ये आला, जेएनपीटी जूनमध्ये अडकलं

२७ जून २०१७ च्या सायबर हल्ल्यात न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. 'नॉटपेट्या' युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या नेटवर्कमध्ये घुसला. विंडोजमधली ज्या फटीतून तो पसरायचा, ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच बुजवली होती! पण खरी गोम वेगळीच. तो मेमरीतले पासवर्डही उचलायचा. त्यामुळे एक मशीन जुनं राहिलं, की शेजारची अपडेट केलेली मशीनंसुद्धा जायची.

आता आपल्या वळसंगचं बघा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. फोन तुम्ही अपडेट ठेवता, पण आधारची पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या पीसीवर पाठवता. तो कुठल्या विंडोजवर आहे, विचारलंय कधी? प्रिंट निघाली की फाइल समोरच डिलीट करून घ्या, आणि व्हॉट्सॲप वेब लॉगआउट.