पुरस्कार फाईल बघून ठरतो, पण कॉलेज चालतं माणसांवर

डिंगोरे (ता. जुन्नर) : दरवर्षी १० फेब्रुवारीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो. उत्कृष्ट महाविद्यालय, उत्कृष्ट प्राचार्य, उत्कृष्ट शिक्षक असे पुरस्कार यानिमित्ताने दिले जातात. शहरी आणि ग्रामीण असे गटही वेगळे ठेवलेले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे, कारण पुण्यातल्या नामांकित कॉलेजांच्या रांगेत तालुक्याच्या कॉलेजला उभं केलं तर निकाल आधीच ठरल्यासारखा असतो.

पण पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या विद्यापीठात उत्कृष्ट काम नेमकं कशाला म्हणायचं? आणि त्या मोजमापात कोण दिसतच नाही? ओतूर, जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या कॉलेजांत मुलं पाठवणाऱ्या गावांनी हा प्रश्न विचारायला हवा.

आधी प्रस्ताव, मग पुरस्कार

पुरस्कारासाठी प्रस्ताव मागवले जातात. प्रस्ताव म्हणजे फाईल. त्यात शोधनिबंध, पुस्तकं, परिषदा, संशोधन प्रकल्प, समित्यांवरचं काम, प्रमाणपत्रं आणि फोटो. ज्याची फाईल जाड, त्याचं पारडं जड. यात कुणी लबाडी करतं असं नाही. समितीला तुलना करायची असते आणि तुलना कागदावरच होते.

अडचण अशी की तालुक्याच्या कॉलेजातलं सगळ्यात मोलाचं काम कागदावर येतच नाही. डिंगोरे, मढ, उदापूर या पट्ट्यातून ओतूरला किंवा जुन्नरला जाणारी बरीच मुलं घरातली कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतली मुलं तर वसतिगृहात राहून शिकतात. त्यांना कॉलेजात टिकवून ठेवणं हेच तिथलं मोठं काम. त्यासाठी कुठल्या रकान्यात गुण भरायचे?

शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि ऑफिसची खिडकी

महाडीबीटीचंच उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी ऑनलाईन भरतो. त्यानंतर तो कॉलेजच्या लॉगिनला येतो. तिथे लिपिक उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका तपासतो आणि अर्ज पुढे संबंधित विभागाकडे पाठवतो. पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. दाखल्याची मुदत संपलेली, नावात एका अक्षराचा फरक, खातं आधारला जोडलेलं नाही, यातलं एक जरी असलं तरी गाडी अडली.

अशा वेळी लिपिक दोन गोष्टी करू शकतो. त्रुटी दाखवून अर्ज परत पाठवायचा आणि मोकळं व्हायचं. नियमाने तेवढं पुरेसं आहे. किंवा विद्यार्थिनीच्या घरी फोन करायचा, कोणता दाखला कुठून आणायचा ते समजावून सांगायचं आणि मुदतीच्या आत अर्ज पुढे ढकलायचा. कागदावर दोन्ही कामं सारखीच दिसतात. फरक पडतो तो त्या मुलीला. एकीत ती पुढच्या वर्षी कॉलेजात असते, दुसरीत कदाचित टोमॅटोच्या तोडणीला.

हे काम आता वाढलं आहे. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. क्रेडिट, विषयांचे नवे गट, प्रत्येक विद्यार्थ्याचं ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चं खातं, हे सगळं आधी कॉलेजच्या ऑफिसात येऊन पडतं. धोरणाबद्दल बोलायला व्यासपीठावर प्राध्यापक असतात, पण मुलांची नोंदणी करून घ्यायला खिडकीत शिक्षकेतर कर्मचारीच असतो.

प्रयोगशाळेचंही तसंच. ऊस उंच झाला की बिबट्याच्या धास्तीने पालक मुलींना संध्याकाळच्या प्रॅक्टिकलला थांबू देत नाहीत. तेव्हा साहित्य लवकर मांडून बॅच दुपारी उरकायची, तर प्रयोगशाळा परिचराची तयारी लागते. ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पोरांना बसून वाचू देणारा सेवक असेल तर खोली भरलेली असते. नसेल तर कुलूप.

दुसरी न दिसणारी माणसं

शिक्षकांमध्येही एक वर्ग असाच बाजूला राहतो. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, पैसे तासावर मिळतात आणि सुट्टीत उत्पन्न बंद. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असल्या की कित्येक विषय हेच लोक ओढून नेतात. पण सलग सेवा, संशोधन प्रकल्प, समितीवरचं काम असं काही दाखवायचं म्हटलं तर त्यांच्या हातात काय असणार?

शिवाय पुरस्काराला नोकरीत किंमतही असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पुरस्काराला ३ आणि राज्य सरकारच्या पुरस्काराला २ गुण धरलेले आहेत. म्हणजे एकदा दिसलेला माणूस पुढेही दिसत राहतो. न दिसलेला मागेच राहतो.

सत्कार की हक्क?

इथे एक सावधगिरी हवी. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० फेब्रुवारीपासून बेमुदत संप पुकारला. आश्वासित प्रगती योजना, सातव्या वेतन आयोगाचे लाभ, रिक्त पदांची भरती अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यात शाल-श्रीफळ कुठेच नव्हतं. परीक्षा अडल्यावरच ही माणसं सगळ्यांच्या नजरेत आली, हे मात्र खरं.

म्हणून शिक्षकेतरांचा गौरव करा असं म्हणताना, पुरस्कार दिला की भरती विसरली, असं होता कामा नये. तीन जणांचं काम एकटा ओढतो म्हणून त्याला ‘गुणवंत’ म्हणायचं आणि उरलेल्या दोन जागा रिकाम्याच ठेवायच्या, ही थट्टा झाली.

फाईल नको, तर मग काय?

फाईल काढून टाकली तर वशिला येईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. कागद नसेल तर ओळख चालते, संस्थेतलं राजकारण चालतं. त्यामुळे कागद हवाच, पण तो कुणी भरायचा हे बदलता येईल.

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत विद्यार्थी संघटनाच दरवर्षी पुरस्कार देतात. नावं विद्यार्थी सुचवतात, कारण स्वतःच्या शब्दांत लिहितात, आणि शिक्षकांबरोबर ऑफिस आणि ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांचीही नावं येतात. इकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ‘गुणवंत सेवक’ म्हणून कर्मचाऱ्यांचा सन्मान होतो. म्हणजे कल्पना नवी नाही. ती विद्यापीठाच्या आवारातून तालुक्याच्या कॉलेजपर्यंत यायला हवी.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. ग्रामीण गटात संलग्न कॉलेजांतल्या शिक्षकेतरांसाठी स्वतंत्र जागा ठेवावी. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना सेवेच्या वर्षांची अट आडवी येऊ देऊ नये. नाव सुचवण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना द्यावा, अर्ज मराठीत आणि एका पानाचा असावा. आणि निवड का झाली, ते चार ओळींत जाहीर करावं. वशिल्याला आळा घालायचा तर ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

मोजायला आकडेही आहेत. पहिल्या वर्षाला आलेल्या किती मुली तिसऱ्या वर्षाला पोचल्या? शिष्यवृत्तीचे किती अर्ज मुदतीत पुढे गेले? कॉलेजकडे ही माहिती असतेच. फक्त ती पुरस्काराच्या फाईलला जोडली जात नाही.

विद्यापीठ बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. गावोगावच्या शिक्षक दिनाच्या कार्यक्रमांत, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सत्काराची यादी तयार होतेच. कॉलेजने ती करताना शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारावा : तुम्ही कुणामुळे इथपर्यंत टिकलात? उत्तरात नावं येतील. त्यातली काही प्राध्यापकांची असतील, काही खिडकीमागच्या माणसांची. ती यादी सहीशिक्क्यानिशी विद्यापीठाकडे पाठवली, तर १० फेब्रुवारीच्या समितीला निदान विचार तरी करावा लागेल.