दगडातले चेहरे

पुराश्मयुगीन हत्यारांवर पशुपक्ष्यांच्या व मनुष्यांच्या मुद्रा हेतुपुरस्सर घडविलेल्या आहेत, असे मानणाऱ्या हौशी संग्राहकांचा एक पंथच आहे. दगड जरा फिरवावा, म्हणजे हत्ती दिसतो. उलटा धरावा, म्हणजे पक्षी. आम्हांस हे मान्य नाही.

हा आग्रह नवा नव्हे. फ्रान्समधील आबव्हील येथील जकात अधिकारी बूशे द पेर्त (सरकारी नोकरी सांभाळून विद्याव्यासंग करणाऱ्यांविषयी आम्हांस आपुलकी असणे स्वाभाविक आहे) यांना सोम नदीच्या गाळात नामशेष प्राण्यांच्या हाडांसोबत गारेची हत्यारे मिळाली. १८४७ चे साल असलेल्या ग्रंथात त्यांनी ती मांडली. विद्वानांनी ती हसण्यावारी नेली. १८५९ साली प्रेस्टविच व इव्हान्स यांनी स्वतः जाऊन थर पाहिले, तेव्हा कुठे हत्यारे मान्य झाली. त्याच गृहस्थांनी ‘आकृतिशिला’ही पुढे केल्या होत्या, त्या मात्र मान्य झाल्या नाहीत. विद्वान एकदा चुकले, तर दुसऱ्यांदा चुकले नसतील कशावरून, असा प्रश्न हा पंथ करतो. प्रश्न ऐकायला बरा, पण लंगडा आहे. हत्यारांच्या बाजूने थर, हाडे आणि घडाईच्या खुणा साक्षीला होत्या. आकृतींच्या बाजूने केवळ पाहणाऱ्याचा डोळा.

आदिमानवास प्रतिमेची जाण नव्हतीच, असे आम्ही म्हणत नाही. गोलान पठारावर बेरेखात राम येथे १९८१ साली जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा, स्त्रीदेहाचा भास देणारा खडा सापडला. वय किमान दोन लाख तीस हजार वर्षे. त्यावरील खाचा मानवी हाताच्या आहेत, असा निष्कर्ष २००० साली सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीतून निघाला. ती स्त्रीच काय, हा वाद उरतोच. पण वाद घालण्याजोगे काही हाती आहे. दक्षिण आफ्रिकेतील मकापान्सगाटच्या तांबड्या गोट्यावरचा चेहरा तर निसर्गाचाच. तो दुरून कोणी आणला असावा, एवढेच म्हणता येते.

आपल्या माळव्याचे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटका उजेडात आणले. तेथील चित्रांवर ते थांबले नाहीत, जमीनही थराथराने खणली. नर्मदाकाठचे दगड उचलून दिवाणखान्यात मांडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे. थरातून उपसलेला दगड कितीही फिरवला तरी त्याचे वय सांगत नाही. त्यात हत्ती दिसो वा न दिसो, तो जागीच राहू द्यावा आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे.