सलाईनच्या बाटलीत औषध नाही

ज्या हातांनी खानदेशातील कापूस वेचला, त्या हातांची बोटे सकाळी मिटत नाहीत. भाकरी थापावयास तळवा टेकत नाही, केस विंचरावयास लेकीला बोलवावे लागते. अशा माता-भगिनी आपल्या घरोघरी आहेत. आपण म्हणता, वाताचा त्रास आहे. शेजारीण म्हणते, वय झाले. कोणी वडीलधारे हळूच म्हणतात, मागल्या जन्मीचे भोग आहेत. आम्ही आपणास विचारतो, पस्तिशीच्या बाईचे वय झाले काय? आणि मागल्या जन्मीच्या पापाची कल्पना ज्यांनी १९५६ साली झुगारून दिली, त्यांच्याच घरात आजार आला की ती पुन्हा कोणत्या दाराने आत येते?

हा भोग नाही, रोग आहे. डॉक्टर त्यास ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, दाह सुरू होतो, आणि तो वेळीच शमविला नाही तर हाडे कुरतडली जाऊन बोटे वाकडी होतात. उतारवयात गुडघे झिजतात तो विकार निराळा. हाताचे लहान सांधे बहुधा दोन्ही बाजूंनी सुजणे, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणे आणि हे सहा आठवडे चालणे, ही या रोगाची खूण होय. पुरुषांहून स्त्रियांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर पाहणी सुरू केली. तीत प्रौढांमध्ये दर हजारी सुमारे पाच जणांस हा रोग आढळला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव व धुळे जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ६२ लाखांहून अधिक आहे. त्यांत ४० लाख प्रौढ धरले आणि भिगवणचेच प्रमाण लावले, तर रुग्ण वीस हजारांच्या घरात जातात. हे वीस हजार लोक कोणत्या रांगेत उभे आहेत?

ते सलाईनच्या रांगेत उभे आहेत. बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे घेऊन जावे, बाकड्यावर पडून एक बाटली लावून घ्यावी आणि ताकद आली म्हणून घरी परतावे, हा आपल्या गावोगावचा रिवाज झाला आहे. त्या बाटलीत असते काय? अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, किंवा ग्लुकोजची असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. हगवणीने शरीर कोरडे पडले असता हीच बाटली प्राण वाचविते. सांध्याच्या दाहावर तिचा काडीचाही उपयोग नाही. मग दोन दिवस बरे का वाटते? पुष्कळदा तिच्यासोबत स्टिरॉइडचे इंजेक्शन टोचलेले असते म्हणून. त्याने सूज तात्पुरती उतरते, परंतु तपासणीवाचून ते वारंवार घेतल्यास हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातील साखर वाढते. भगताचा अंगारा सोडून आपण बाटलीचा अंगारा धरला असेल, तर त्यास सुधारणा कसे म्हणावे?

शिरेवाटे द्यावयाचा खरा उपचार निराळा आहे. दाह भडकविणारे टी. एन. एफ. नावाचे द्रव्य रोखावे, हा विचार लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले रविंदर मैनी यांनी मांडला व १९९२ साली तो रुग्णांवर आजमाविला. त्यातून इन्फ्लिक्सिमॅब हे औषध या रोगासाठी पुढे आले. आरंभी, दोन आठवड्यांनी व सहा आठवड्यांनी मिळून तीन मात्रा आणि नंतर दर आठ आठवड्यांनी एक, अशी ती शिरेतून दिली जाते. वजनाच्या दर किलोस तीन मिलिग्रॅम, वेळ किमान दोन तास. ते प्रत्येकास लागत नाही. आरंभी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची स्वस्त गोळी पुष्कळांना पुरते. मात्र ती चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते, आणि गरोदरपणात ती वर्ज्य आहे. गोळ्यांनी भागले नाही तर शिरेतील औषधाचा विचार होतो. त्याने दबलेला क्षयरोग उसळू शकतो, म्हणून आधी छातीचा फोटो व क्षयाची तपासणी झालीच पाहिजे.

यावर शहाणे लोक म्हणतात, हा श्रीमंतांचा उपचार आहे, गरिबाने त्याची हाव धरू नये. आमचे उत्तर असे की, औषध महाग आहे म्हणूनच ते शासनाने द्यावयाचे आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य ठरविले. १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पैसा नाही या सबबीवर राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०२३ साली तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षास पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावासही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. या उपचारास एक खाट, एक जाणती परिचारिका, देखरेखीस डॉक्टर आणि अंगावर प्रतिक्रिया उठल्यास लागणारी औषधे हवीत. एवढ्यासाठी मजूर बाईने दर दोन महिन्यांनी तीनशे-चारशे किलोमीटरांवरच्या मुंबईस का जावे?

म्हणून, बंधुभगिनींनो, सुजलेली बोटे लपवू नका. महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, रक्ताची तपासणी मागा, रोगाचे नाव कागदावर लिहून घ्या. योजनेच्या आरोग्यमित्रास विचारा की या रोगाचा कोणता उपचार योजनेत बसतो. नाही असे उत्तर आले, तर तेही लेखी मागा, आणि अशा दहा उत्तरांचे निवेदन करून जिल्हाधिकाऱ्यांकडे न्या. तोंडी नकार वाऱ्यावर जातो, लेखी नकाराला जाब विचारता येतो. आपल्या मातेचे हात वाकडे होण्यापूर्वी हे करा. वाकलेले बोट पुढे कोणत्याही औषधाने सरळ होत नाही.