काळ्या मातीतले गादीवाफे

भाद्रपदात ज्येष्ठा गौरी, म्हणजे आपल्या महालक्ष्म्या, घरी येतात तेव्हा सोळा भाज्यांची जुळवाजुळव हा धार-देवासच्या मराठी गृहिणींपुढील दरवर्षीचा प्रश्न असतो. अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेल्या घराण्यांनी कुळाचार निष्ठेने जपला. परंतु ज्या परसातून या भाज्या निघाव्यात, तेथे नेमक्या याच दिवसांत चिखलावाचून काही हाती लागत नाही. मेथी पिवळी पडते, कोथिंबीर मुळाशी कुजते, झेंडू मान टाकतो आणि आपण पावसाला बोल लावतो.

वस्तुतः प्रश्न मातीचा आहे. माळव्याची काळी माती चिकण. ओली झाली की ती फुगते, तिच्यातील बारीक वाटा बुजतात, पाणी खाली उतरत नाही आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. उन्हाळ्यात तीच आक्रसून पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत खोलगट वाफा करणे म्हणजे पावसाळ्यात रोपांना हौदात उभे करणे होय. तरीही आम्ही ज्या ज्या घरी जातो तेथे वाफे खोलगटच दिसतात. आजोबांनी तसे केले होते, एवढेच कारण!

इंदूरला १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसविली; तिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीत खड्डे कोरड्या दिवसांपुरते होते. पावसाळ्यात ढीग जमिनीवरच रचायचा. पुढे हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली सुरू झालेल्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद गादी व सरी यांची रीत विकसित केली. आज माळव्यातही सोयाबीन अशा गादीवर पेरणारे शेतकरी आहेत. शेताला जे कळले ते परसाला कळू नये?

गादीवाफ्याची रुंदी चार फुटांहून अधिक नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो व वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की ती विटेसारखी घट्ट होते. उंची नऊ इंच ते एक फूट. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी दीड फूटही चालेल. मधली वाट दीड फुटाची, आणि तिचा उतार परसाबाहेर. कडेला जुन्या वाड्याचे काळे दगड किंवा विटा नुसत्या रचाव्यात, सिमेंटात बसवू नयेत. फटींतून पाणी निथळते. भरावासाठी परसातलीच माती, तिच्या निम्मे कुजलेले शेणखत वा कंपोस्ट आणि थोडा मुरूम. निव्वळ वाळू घालून काळी माती सुटी होत नाही. ते काम खताचे.

एका सरकारी आवारात आम्ही फार सुबक गादीवाफे पाहिले. चहूबाजूंनी सिमेंट, वर गेरूचा पट्टा आणि खाली पक्की फरशी! पहिल्याच झडीत त्यांची डबकी झाली. बांधणाऱ्याने कुंडी आणि वाफा यांतला भेदच ओळखला नव्हता. वाफ्याला तळ नसतो. खालची जमीन कुदळीने वीतभर उकरून तिच्यावरच भराव घालायचा.

उन्हाळ्यात मात्र हाच वाफा लवकर सुकतो, हे सांगितले पाहिजे. ज्या देवासला १९९० च्या दशकात आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे ही गोष्ट हलकी नाही. गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा दोन-तीन इंच पसरावा, पाणी संध्याकाळी द्यावे आणि वैशाखात उंच वाफ्यावर पालेभाजीचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ तगतात, तेवढ्यावर भागवावे.

बांधकाम मात्र त्याच कोरड्या दिवसांत उरकावे, कारण तेव्हा ढेकळे फुटतात. पहिल्या दोन पावसांनी भराव खाली बसतो. तो पुन्हा भरून घ्यावा. जूनअखेर भेंडी, गवार, चवळी आणि मांडवावर दोडका, कडेने झेंडू. शेपू, चुका, राजगिरा मात्र श्रावणाच्या आरंभी टाकावा, आणि दाट टाकू नये.