जमिनीतली चांदी आणि घरातली चांदी



मार्च 2025 मध्ये आपल्या असीरगडाचे नाव देशभर गाजले. फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला, त्यात मराठ्यांचा बऱ्हाणपूरवरील छापा होता. त्यातच महामार्गाच्या कामाची माती गडाजवळच्या शेतात पडली आणि तीत नाणी निघाल्याची आवई उठली. मग लोक रात्री टॉर्च आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेतात उतरले. शेवटी पोलीस व प्रशासनाला मध्ये पडावे लागले. शनवाऱ्यात चहाच्या दुकानावर तोच विषय, वर्गातही तोच. आठवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, ते यंत्र केवढ्याला मिळते?"

आम्ही त्याला रागावलो नाही. यंत्र पैसे दिले की मिळेल. पण ते वाजल्यावर खाली काय आहे, हे कोण सांगणार?

यंत्राचे काम समजून घ्या. त्याच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. खाली धातू असेल तर त्यात छोटे विद्युत प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा उलटा परिणाम वेटोळ्याला कळतो. सर्व धातूंत चांदी ही विजेची सर्वांत उत्तम वाहक, म्हणून चांदीचा रुपया असला तर आवाज उंच येतो व पडद्यावरचा आकडाही मोठा दिसतो. पण तांब्याचे नाणे जवळजवळ तसेच वाजते. ॲल्युमिनियमचा मोठा तुकडाही फसवतो. गंजलेले मोठे लोखंडसुद्धा कधी कधी चांदीसारखे बोलते. उलट बारीक तारेची चांदीची साखळी असली तर यंत्र गप्पच राहील. म्हणजे यंत्र फक्त 'येथे धातू आहे' एवढेच सांगते. ओळखण्याचे काम माणसाचे.

ती ओळख कशी करावी? जमिनीतली चांदी चमकत नाही. गंधकाशी संयोग होऊन ती काळपट पडते. हिरवा थर दिसला तर लगेच 'तांबे' म्हणून टाकू नये, कारण दागिन्यांच्या चांदीत थोडे तांबे असतेच. लोहचुंबक चांदीला चिकटत नाही. पण तो गिलटला, तांब्याला आणि शिशालाही चिकटत नाही. त्यामुळे चुंबकाने एवढेच कळते की लोखंड नाही. खरी परीक्षा वजन आणि पाणी यांची. 105 ग्रॅमचा भरीव चांदीचा तोडा पाण्यात बुडवला तर सुमारे 10 मिलिलिटर पाणी वर चढते. तेवढ्याच वजनाचा गिलटचा तोडा सुमारे 12 मिलिलिटर चढवतो. आत पोकळ किंवा लाख भरलेला दागिना असेल तर मात्र हा हिशेब चुकतो. तेजाबाची परीक्षा सराफाचे काम, मुलांनी तिच्या वाटेस जाऊ नये. आणि सापडलेली वस्तू चिंच-राखेने घासू तर कधीच नये. घासताना कारागिराची खूण आणि नक्षी दोन्ही जातात.

आपल्या मातीत चांदी असणे नवल नाही. मोगलांच्या काळी येथे टांकसाळ होती, बऱ्हाणपुरी रुपये पाडले जात. येथील तारकशी व जरीचे काम दूरदेशी जात असे. 1681 साली मराठ्यांनी लुटला तो बहादूरपुरा याच श्रीमंतीचा होता. पण मातीत चांदी आहे म्हणून ती उपसायची मोकळीक कोणाला नाही. असीरगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, तेथे परवानगीशिवाय खोदता येत नाही. इतर ठिकाणी काही सापडले तर 1878 चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास ती कोठे, केव्हा सापडली हे कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हाच कायदा सापडणाऱ्याला हक्कही देतो. मूळ मालक न निघाल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याचे व एक जमीनमालकाचा. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देते. म्हणजे प्रामाणिक माणसाचे नुकसान नाही. नुकसान होते ते रात्रीच्या खड्ड्यात. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे एकदा पुसले गेले की उरते ते नुसते वजन.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवतो, पण आमच्याच घरी काय झाले? आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आम्ही 'पायल' म्हणायचो, आजी दुरुस्त करायची: हे पैंजण, हे तोडे, हे वाळे, ही जोडवी. ती गेली आणि एका लग्नाच्या वेळी तिचे तोडे मोडीत निघाले. वजनाची पावती बरेच दिवस घरात होती. तोडे कोणी घडविले, त्यांवर कसली नक्षी होती, हे आज घरात कोणाला सांगता येत नाही. आम्ही रात्री खड्डा खणला नाही, पण काम तेच केले.

2025 साली चांदीने किलोमागे एक लाखाचा आकडा ओलांडला. भाव वाढला की जुने दागिने सराफाच्या दुकानी जातात. गरज असेल तर विकावेत, त्यात लाज नाही. पण विकण्याआधी ओळखावेत.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, असीरला जाऊ नका, आजीजवळ बसा. घरातल्या एका जुन्या दागिन्याचे चित्र काढा, त्याचे नाव, वजन, कोणी घातला, कोठून आला, हे तिच्याच शब्दांत लिहून आणा. दागिना शाळेत आणू नये, कागद आणावा. पालकांनी थोडा वेळ द्यावा. विश्वस्त मंडळींनी प्रयोगशाळेला एक चांगला वजनकाटा द्यावा, एवढीच विनंती. त्या मुलाला आम्ही सांगितले आहे की यंत्राआधी काटा घेऊ. त्याच्या पणजीचे वाळे घरात आहेत म्हणतो. पहिला कागद त्याचाच यावा.